मांय, शिंप्याची बायको परत येत नाही

प्रिय मांय,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. बावीस वर्षं एका छपराखाली राहिलेल्या सासू-सुनेला पत्राची गरज कशाला पडेल? पुढच्या ओसरीवर, बल्कांवात, उभं राहून हाक मारली की झालं. पण काल मी वाचनालयात जाऊन आले आणि तेव्हापासून मला तुमच्याशी भांडायचं आहे. भांडून झालं की एका गोष्टीची माफीही मागायची आहे. आधी भांडते, कारण भांडणात माझी बाजू बरी आहे.

मांय, तुम्ही मला चार वर्षं फसवलंत! मला! गडहिंग्लजच्या पोरीला, जी भाजीवालीकडून दोन मिरच्या वर घेतल्याशिवाय डिचोलीच्या बाजारातून हलत नाही!

झालं असं. तुम्ही जाऊन पाच महिने झाले तरी आपलं शेवटचं पुस्तक माझ्याकडेच होतं. ते शिंप्याचं. ग्रंथपाल शैलाबाईंनी एकदाही मागितलं नाही, रस्त्यात भेटल्या तरी विषय काढला नाही. शेवटी मलाच लाज वाटली. काल दुपारी ते पिशवीत घातलं आणि बाजारामागचा तो जिना चढले. तुमच्या यादीशिवाय पहिल्यांदाच.

शैलाबाईंनी मला बसवलं, चहा मागवला. तुमच्या आठवणी निघाल्या. बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या, "होडीवाल्याचं पुस्तक मांयच्या फार जिवाचं. तीनदा नेलं तिनं."

मी म्हटलं, "तीनदा नाही हो, एकदाच. मीच नेलं होतं, चार वर्षांपूर्वी."

"त्याच्या आदी गो," म्हणत त्या उठल्या, कपाटातून पुस्तक काढलं आणि मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेला कागद माझ्यापुढे धरला. तारखांचे निळे शिक्के आणि त्यांच्यापुढे शाईने लिहिलेले सभासदांचे नंबर. दोनशे बारा. खाली पुन्हा दोनशे बारा. शिक्के इतके जुने की दीपक तेव्हा शाळेत असणार. दोनशे बारा म्हणजे तुम्ही. मला पाठ आहे तो नंबर, दर वेळी मीच तर सांगत होते तिथे.

मग मी वेड्यासारखी कपाटं उघडत सुटले. त्या मास्तरणीचं पुस्तक, दोनशे बारा. तीन भावांचं, दोनशे बारा. पोरगा आजारी पडतो ते, दोनशे बारा, दोन वेळा. आपण दोघींनी मिळून तीस-बत्तीस पुस्तकं वाचली असतील. त्यातलं एक सोडून प्रत्येक तुम्ही आधी वाचलेलं होतं. डोळे धड होते तेव्हा, शेवटच्या पानापर्यंत! आणि मी काय करत होते? त्याच पुस्तकांचे शेवट बदलून तुम्हाला ऐकवत होते. हे लिहितानाही माझे कान तापलेत.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूने तुम्ही ते कधी ऐकलं नाहीत. म्हणून ऐका.

दीपक गेला त्या वर्षी आपल्या घरातलं बोलणंच संपलं. सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवलेला धडधाकट माणूस आठ दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन जातो, यावर बोलायचं तरी काय? तुम्ही त्याची आई, मी बायको. मूलबाळ नाही. उरलो आपण दोघी, आणि दोघींनाही वाटायचं की दुसरीसमोर रडू नये. मी पेज वाढायची, तुम्ही जेवायच्या. "मीठ लागतंय का?" "लागता." दोन वर्षं आपलं संभाषण एवढंच. माझा भाऊ फोनवर म्हणायचा, गडहिंग्लजला ये, इथे तुझं कोण आहे आता? मी म्हणायची, बघू. तेवढाच एक शब्द मी मनापासून बोलत होते.

त्यात तुमच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. औषध उशिरा पडलं. तुमचं काय काय गेलं ते मला कळायला वेळ लागला, कारण पुस्तक म्हणजे मला दहावीला नापास व्हायचं साधन. आणि तुम्ही हळर्णच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या, पण पुस्तकाशिवाय तुमची दुपार सरत नसे. बोलायच्या पेडण्याकडचं, वाचायच्या मराठी, आणि देवाशी दोन्हींत भांडायच्या.

एका दुपारी तुम्ही बल्कांवातल्या तुमच्या कदेलीवर बसून पान अगदी नाकाला टेकवलं होतंत. मी आतून बघत होते. तुम्ही पुस्तक वर केलंत, खाली केलंत, उजेडाकडे धरलंत. मग स्वतःशीच म्हणालात, "अक्षरा मुयांसारी धावतत गो." मुंग्यांसारखी धावतात. मी हात पुसले आणि खुर्ची ओढून तुमच्यासमोर बसले. दया म्हणून नाही, खरं सांगते. मला ते बघवेना एवढंच.

पहिलंच पुस्तक ते आजारी पोराचं. मी कशी वाचायची आठवतं? जोडाक्षर आलं की ट्रक खड्ड्यात जावा तशी. तुम्ही एकदाही हसला नाहीत. दहा-बारा दुपारी गेल्या आणि मग ते पान आलं. पोराला ताप, आई उशाशी. माझे डोळे दोन ओळी पुढे गेले आणि मला दिसलं की पोरगा जातो. उघड्या दारातून भिंतीवरचा दीपकचा फोटो दिसत होता आणि समोर तुम्ही, कान माझ्याकडे लावून. कसं वाचणार होते मी ते? तोंडातून निघून गेलं, "आणि पहाटे पोराचा ताप गेला. त्याने पेज मागितली."

तुम्ही विचारलंत, "वाचलो?"

"वाचला," मी म्हटलं.

"तू वाचलंस म्हणान वाचलो," म्हणालात आणि हसलात. दोन वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, किती भोळी ही बाई!

पण पोरगा वाचला खरा, पुढे त्याचं करायचं काय? पुस्तकाची सत्तर पानं शिल्लक आणि ती सगळी त्याच्या जाण्याभोवती फिरणारी! भांडी घासताना मी डोकं खाजवत बसायची. त्याला शाळेत घातला, मोठा केला, लग्न लावलं. नोकरी कुठे लावावी सुचेना, तेव्हा सुर्ल्याला खाणीवर लावला.

"अगो, ह्या पुस्तकात सुर्ला खयसून इला?" तुम्ही विचारलंत.

"लेखक फिरलेला असेल," मी म्हटलं.

"आसात, आसात," म्हणालात आणि तोंडावर पदर धरलात. मला वाटलं खोकला आला. आता कळतंय काय आलं होतं ते!

मग मला सवयच लागली. तीन भावांच्या पुस्तकात वाटण्या होतात आणि धाकटा घर सोडून जातो. मी तिघांना गणपतीच्या चवथीला एकत्र आणलं आणि आरतीला घुमट वाजवायला बसवलं. होडीवाल्याची मुलगी नदीत बुडते. मी तिला चार पानं आधीच पोहायला शिकवून ठेवलं. मास्तरणीची आई जाते तिथे मी त्या आईला खडखडीत बरी करून झुणका हाटायला लावलं, तर तुम्ही म्हणालात, "वेंगुर्ल्याची बाई आनी झुणको?" मी म्हटलं, "आवडत असेल हो एखादीला!"

आणि तुमचे ते प्रश्न! पान संपलं की तुमचं सुरू. "त्या मास्तरणीच्या जाग्यार तू आसतंस तर?" मी म्हणायची, मी असते तर त्या दिराच्या मुस्काटात दिली असती. मग तुम्ही तुमच्या दिराचं काहीतरी सांगायच्या, मी माझ्या आईचं. तीन भावांमधला धाकटा हट्टी होता, भात खाताना ताटाला टकटक करायचा. तुम्ही म्हणालात, "दिपू तसाच करी." मी म्हटलं, "शेवटपर्यंत करायचा, मी ओरडायची." त्याचं नाव आपण दोघींनी एकमेकींसमोर घेतलं ते असं, दुसऱ्याच कोणाच्या ताटावरून.

एक मात्र तुम्हाला सांगितलं नव्हतं. खरे शेवट मी टाकून देत नव्हते. रस्त्यावर पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की आपलं वाचन थांबायचं. तुम्ही पिशवी घेऊन हळूहळू फाटकाकडे उंडे घ्यायला, आणि मी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात. तिथे ओट्याला टेकून, उभ्याने, मी खरा शेवट वाचायची आणि रडायची. काय रडायची, मांय! दीपकला नेलं तेव्हा बाया म्हणत होत्या, हिला रडवा कोणीतरी. ते अडलेलं रडणं मला त्या ओट्यापाशी सापडलं, लोकांच्या पोरांसाठी, लोकांच्या मोडलेल्या घरांसाठी. कोण कुठला होडीवाला! पण तो बुडालेल्या पोरीचा फ्रॉक घडी करून ठेवतो, तिथे मला दीपकचा शर्ट आठवला. दोन-अडीच वर्षं खुंटीला तसाच होता, धुतला तर वास जाईल म्हणून. पुस्तक मिटलं आणि जाऊन तो धुतला. हे असं पुस्तकं करतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. दहावीच्या पुस्तकाने तर नाहीच.

एकदा डोळे पुसत बाहेर आले तर तुम्ही म्हणालात, "कांदो तिखट आसा मगो?" मी हो म्हटलं. नंतर लक्षात आलं, त्या दिवशी एकादशी होती. घरात कांदा चिरलाच नव्हता.

तर काल मी वाचनालयात कपाटापाशी खाली बसले, मांडीवर पुस्तकांचा ढीग. शैलाबाई म्हणाल्या, "तुका म्हायतच नासला?" आणि मग त्यांनी सांगितलं. मागच्या वर्षी वाचनालयाचा कार्यक्रम होता, तुम्हाला मी रिक्षाने नेलं होतं आणि बाजारहाट करायला गेले होते. तेव्हा तुम्ही त्यांच्याजवळ बोलला होता. "मांय म्हणाली," त्या म्हणाल्या, "सुनेकडसून उतर घेतला आनी सुनेन मोडला."

"मोडलं?" मी म्हटलं. "उत्तर कसं मोडेल? मी तर लगेच उत्तर दिलं होतं!"

शैलाबाई इतक्या हसल्या की चहा सांडला. "उत्तर न्हय गो बाये! उतर! शब्द. वचन!"

मांय, तिथल्या तिथे मला ती पहिली दुपार आठवली. मी पुस्तक उघडायच्या आधी तुम्ही म्हणाला होता, "आदी माका एक उतर दी. पुस्तकात जसा आसा तसाच वाचूचा." आणि हात पुढे केला होतात. मला वाटलं, विचारताय, उत्तर हवंय. म्हणून म्हटलं, "वाचते की." हात कशाला पुढे केलाय ते कळेना, म्हणून त्यात तुमच्या चष्म्याचं घर ठेवलं! तुम्ही ते चाचपलंत, मुठीत धरलंत आणि म्हणालात, "बरा." अठरा वर्षं काढली होती मी तेव्हा तुमच्यात. उंडो कळत होता, कदेल कळत होती, कुळार म्हणजे माहेर हेही कळत होतं. उतर मात्र कधी कानावरून गेलं नव्हतं. आपल्या घरात कोणी कोणाला वचनं देत बसत नसे, जो तो आपलं काम करत असे. तुम्ही मागितलंत उतर आणि मी दिलं उत्तर.

आणि ते मोडलं, हे तुम्हाला पहिल्याच पुस्तकात कळलं! मग रागावला का नाहीत? मी हेच विचारलं शैलाबाईंना. त्यांनी तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "मोडूंदी. पुस्तकातला वाचता तेवा ती पुस्तकाची. मोडता तेवा आपल्या पोटातला सांगता. दोन वर्सा उलय नासली गो ती, आता बोलता."

मी रडले, मांय. भर वाचनालयात, शांतता राखा या पाटीखाली. वर्तमानपत्र वाचणारे दोन आजोबा उठून दुसऱ्या टेबलाला गेले.

आणि म्हणूनच तुम्ही मुद्दाम मरणाची, ताटातुटीचीच पुस्तकं आणवत होता ना? यादी तर तुमचीच असायची! मला वाटायचं, काय ही आवड, प्रत्येक पुस्तकात कोणी ना कोणी जातंच. आणि तुम्ही तिथे बसून मजा बघत होता, बघूया आज सून कोणाला वाचवते! एकदा तरी म्हणायचं होतंत, सविता, माका कळता. मी चार वर्षं लोकांना जिवंत ठेवण्यात जीव काढला नसता. काढला असता म्हणा. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायला लागलं होतं. सकाळी उठल्यावर आज दुपारी काय सांगायचं हे डोक्यात असायचं, आणि त्याआधी दोन वर्षं डोक्यात काहीच नसायचं. तुम्ही मला फसवलंत म्हणून मी बोलायला लागले. बघा, भांडायला बसले आणि हे असं झालं. भांडणात मी कधीच टिकले नाही तुमच्यापुढे.

आता माफी.

एक पुस्तक सोडून, असं मी वर लिहिलंय. ते एक म्हणजे शिंप्याचं. नवंकोरं. तुम्हीच म्हणाला होता, "शैलाबायक सांग, नवा इल्ला आसा ता दी." मागच्या कागदावर एकच शिक्का आहे, आपला. म्हणजे हे एकच पुस्तक असं, ज्याचा शेवट तुम्हाला ठाऊक नव्हता. बाकी सगळ्या पुस्तकांत तुम्ही मला फसवलंत आणि या एकात मी तुम्हाला खरोखर फसवलं.

गोष्ट तुम्हाला आठवत असेल. म्हातारा शिंपी आणि त्याची बायको. तो मशीन चालवतो, ती काज-बटणं करते, आणि दिवसभर दोघं एकमेकांवर कुरकुरतात. तुम्हाला ती फार आवडली होती. "ही माझ्यासारी आसा," म्हणायच्या. आणि पान नव्वदवर, काही आजार नाही की काही नाही, एका शर्टाला बटण लावता लावता ती जाते. सुई कापडातच राहते.

माझ्यासारखी म्हणालात तिला! मी कशी वाचू ते? मी तिला माहेरी पाठवलं, चार दिवसांसाठी. पण पुढच्याच पानापासून शिंपी एकटा. एकटा चूल पेटवतो, भात करपवतो, शेजारणीला विचारतो मीठ किती घालू. हा हे का करतोय, ते सांगायला नको? मी म्हटलं, बायकोच्या भावाचं लग्न आहे. दोन दुपारींनंतर म्हटलं, भावाची बायको बाळंत झाली. तुमच्या भुवया वर गेल्या. काल लग्न, आज बाळंतीण! मग मी भावालाच आजारी पाडलं.

"ही बाई कितके दीस कुळारा रवता गो?" तुम्ही विचारलंत.

मी पान उलटलं.

चाळीस पानं राहिली होती तेव्हा पोदेराचा भोंगा वाजला. मी पुस्तक मिटलं. तुम्ही उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतलात आणि हात तसाच ठेवून म्हणालात, "फाल्या तिका घरा हाड. शिंप्यान कितके दीस एकट्यान जेवचा?"

"उद्या आणते," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी ओट्यापाशी खरा शेवट वाचला नाही. तिला घरी कशी आणायची याच विचारात भाजी चिरत होते. सकाळी तुमचा चहा आणि उंडो घेऊन आले, तर तुम्ही उठला नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. बाया म्हणाल्या, पुण्यवान बाई. असेल, मी कशाला नाही म्हणू? पण तुम्हाला न्यायला माणसं जमली तरी माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. मी तिला घरी आणलं नाही. मांय वाट बघत गेली.

तुम्हाला कळलं होतं का हो? माझी इतकी खोटी पकडलीत, हीही पकडली असेल. घरा हाड म्हणजे आता खरं काय ते सांगून टाक, असं म्हणायचं होतं का? की या वेळी तुम्हालाही तिने यायलाच हवं होतं? पाच महिने मी हे उलटंपालटं करते आहे. मला कळत नाही, आणि विचारायला तुम्ही नाही.

म्हणून काल मी पुस्तक परत केलंच नाही. शैलाबाईंनी पुन्हा शिक्का मारून दिलं. नंबर विचारला तेव्हा मी सवयीने दोनशे बारा म्हटलं, तर म्हणाल्या, "तुझा नवा कार्ड करूया मगो?" मी हो म्हटलं. घरी येऊन तुमच्या कदेलीसमोर खुर्ची ओढली आणि पान नव्वदपासून मोठ्याने वाचायला घेतलं. जसं आहे तसं. ती गेली, सुई कापडात राहिली, हे वाचलं. दोनदा थांबून पाणी प्यायले, पुन्हा वाचलं. शेजारीण फाटकाशी येऊन बघून गेली. हिचं काही खरं नाही असं वाटलं असेल तिला.

तर ऐका. ती परत येत नाही, मांय. शिंपी कितीतरी दिवस मशीनला हात लावत नाही. तिने अर्धवट ठेवलेला शर्ट तसाच, सुईसकट. रोज भात करपतो, मग थोडा कमी करपतो, आणि एके दिवशी बरा होतो. त्या दिवशी तो शर्ट उचलतो आणि उरलेली तीन बटणं स्वतः लावतो. वाकडी लागतात. ज्याचा शर्ट तो माणूस घ्यायला येतो, बटणं बघतो आणि तिथेच अंगात घालतो. शिंपी म्हणतो, जेवूनच जा. शेवटचं वाक्य एवढंच आहे, की त्याने दोन पानं मांडली.

तो एकटा जेवत नाही, मांय. तुम्ही विचारत होता ते हेच ना? ती येत नाही, तरी तो एकटा जेवत नाही. मी तिला माहेरी पाठवली नसती तर हे तुम्हाला वेळेवर ऐकायला मिळालं असतं. ती जाते नव्वदाव्या पानावर, आणि पुस्तक आहे दोनशे वीस पानांचं. मी त्या एका पानाला घाबरले आणि तुमची पुढची सगळी पानं बिघडवली. याची मला माफी द्या. बाकीच्या पुस्तकांची मागत नाही, त्यांत आपली फिटंफाट झाली.

मला वाईट वाटतंय, पण काल रात्री वाचून उठले तेव्हा पोटात शांत होतं, हेही लिहून टाकते. भूकही लागली होती. उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी घेऊन बल्कांवातच जेवले. मग भावाला फोन केला. म्हटलं, दिवाळीला आठ दिवस येते, पण राहणार इथेच. तो म्हणाला, तिथे कोण आहे तुझं? म्हटलं, वाचनालय आहे. त्याला वाटलं मी चेष्टा करते.

चेष्टा नाही. शैलाबाईंनी मला एक काम दिलं आहे. डोळे गेलेल्या चार-पाच बाया आहेत आसपासच्या वाड्यांवरच्या. त्यांना शनिवारी दुपारी वाचून दाखवशील का, असं त्यांनी विचारलं. मी नेहमीसारखं बघू म्हणून आले होते. जेवण झाल्यावर फोन करून सांगितलं, येते.

मांय, या वेळी अर्थ नीट कळून बोलते, म्हणून याला उतरच समजा. पुस्तकात जसं आहे तसंच वाचीन. जो जातो तो गेला म्हणून वाचीन. रडू आलं तर थांबेन, पण पान उलटेन. आणि मनातलं सांगावंसं वाटलं तर पुस्तक आधी मिटून बाजूला ठेवीन आणि म्हणेन, आता जे सांगते ते माझं आहे.

त्यांतली पहिली गोष्ट ठरली आहे. हळर्णची एक बाई असते, तिचे डोळे जातात आणि तिची सून तिला वाचून दाखवायला लागते. सून लबाड असते, सासू तिच्याहून लबाड. ऐकताना त्या बाया हसतील, मला माहीत आहे. शेवटी ती सासू जाते. ती कुळारा गेली, हळर्णला गेली, असं मी सांगणार नाही. गेली, असंच सांगेन.

तुमची सून,
सविता